आधी आंघोळ

आमचे हे राजाजीनगरच्या एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढतात. संध्याकाळी दारात चप्पल वाजली की तीन वर्षांची सिद्धी हातातलं टाकून धावायची आणि यांच्या गुडघ्यांना मिठी मारायची. हेही कामाच्या कपड्यांनिशी तिला तसंच उचलून घ्यायचे.

गेल्या महिन्यात पोरीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर यांना म्हणाल्या, "हे विष तुमच्या कपड्यांवरून घरात येतंय. आधी आंघोळ, धुतलेले कपडे, मगच लेकीला जवळ घ्यायचं."

तेव्हापासून ती धावत आली की हे दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटायचे. "थांब बाळा, शिवू नको. आधी आंघोळ!" पहिले काही दिवस ती खूप रडली. मग तिनं धावणंच सोडलं, दाराआडून नुसती बघत राहायची. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं पोरीला.

काल हे दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात सिद्धी मोरीतून बाहेर आली. फ्रॉकसकट चिंब भिजलेली, कानाला साबणाचा फेस, थंडीनं दात वाजत होते. यांच्या त्या काळ्या पडलेल्या शर्टासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.


"अप्पा, मी आंघोळ केली. आता घे की मला."