आमंत्रणाची वाट

"भावोजी, हॉल कुठे लपवलाय? दोनदा पार गायमुखापर्यंत जाऊन आलो," योगेंद्रने फोनवर विचारले.

रामनाथने त्याला जुन्या आंब्यापाशी वळायला सांगितले आणि फोन बंद केला. आज त्याच्या धाकट्या मुलीची, चांदणीची हळद होती. चेणे गावच्या नव्या सभागृहातले हे पहिलेच कार्य. आणि नवरीच्या मामासकट सगळे पाहुणे घोडबंदर रस्त्यावर भरकटत होते.

सभागृह दिसतच नव्हते. वास्तुविशारद उर्मिलेने ते डोंगराच्या उतारात असे बसवले होते, की उतार कुठे संपतो आणि छप्पर कुठे सुरू होते ते कळू नये. छपरावर गवत, भिंतींना तिथलाच काळा दगड, दाराशी ओढा जसा होता तसा. कमान नाही, दिव्यांची पाटी नाही. साऱ्या गावाशी भांडून हा आराखडा मंजूर करून घेणारा रामनाथच होता.

"मॅडम, तुमचं ऐकलं, चुकलो," तो उर्मिलेला म्हणाला. "लगीन झालं की आंबा तोडतो. तिथं कमान उभी करतो, रस्त्यावरनं दिसंल अशी."

उर्मिलेने वाद घातला नाही. पाहुण्यांचे फोन तीही ऐकत होती.

आत द्वारकाबाईंनी धवला धरला. त्या गावच्या धवलारीण; लग्नघरी देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाऊन बोलावण्याचा मान त्यांचा. त्यांनी डोंगरावरच्या देवाला बोलावले. मग रामनाथच्या वारलेल्या वडिलांना, दत्तारामांना: आंब्याखालून या, ओढा उतरून या, काळ्या दगडाला हात लावून या.

थोरल्या मुलीची हळद शहरात, केबिन रोडच्या हॉलमध्ये झाली होती. तेव्हा याच ओळीवर द्वारकाबाई गप्प झाल्या होत्या. का, ते कोणी विचारले नव्हते. आज त्यांनी धवला शेवटास नेला.

"काकी, तवा अर्धाच का सोडलात?" रामनाथने विचारले.

"तिथं दत्तारामाला काय खूण सांगू? आंबा न्हाय, वढा न्हाय," त्या म्हणाल्या. "बोलावनं करायचं नि वाट सांगायची न्हाय, ह्ये बरं दिसतं का?"

रामनाथ दारापर्यंत गेला. आंब्याकडे पाहत राहिला. मग वळून त्याने उर्मिलेपुढे हात जोडले.

एवढ्यात योगेंद्र धापा टाकत आत आला. रिकाम्या खुर्च्या पाहून हसला.

"म्हणजे आम्हीच पहिले?"

"न्हाय," रामनाथ म्हणाला. "बाबा कवाच आलेत."