उजवीकडची बटणं

जन्माने ताई, पण चाळीस वर्षं पुरुष म्हणून जगलेला शिंपी भाऊ स्मृतिभ्रंशाने घरदार, दुकान, धाकट्या बहिणीलाही विसरला. धाकटीला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. आता ताई परत मिळेल. तिने वृद्धाश्रमात फुलाफुलांचे लेडीज शर्ट पाठवले. तो रोज ते भिरकावायचा. आज ती भेटायला आली, तर शर्ट मांडीवर, स्वारी खूश. “सुईदोरा मागितला, दिला,” परिचारिका म्हणाली. डावीकडची बटणं उसवून त्याने पुरुषांच्या शर्टासारखी उजवीकडे लावली होती. काजंही नवी, टाका न् टाका एकसारखा. “शिवणारा अडाणी होता, बाई,” तो गुरगुरला. “गिऱ्हाईक पुरुष आहे, एवढंही कळू नये?” “कोण गिऱ्हाईक?” तिने विचारलं. “मी!” धाकटीने त्याला शर्ट घातला. “दादा, मान वर कर,” ती पहिल्यांदाच म्हणाली. त्याने ऐटीत उंचावली. “उरलेले शर्टही आणा, सुधारून देतो!”