बेसवाली

सात वर्षं ती बँडमध्ये बेस गिटार वाजवत होती आणि सात वर्षं बाबा प्रत्येक कार्यक्रमानंतर "छान झालं हं" एवढंच म्हणत होते. एकदा तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? सगळ्यांच्या गलक्यात तुझं कुठलं ते मला कळतच नाही गं."

ती रागावली नाही. बँड सोडून द्यावा, असं मात्र तिच्या मनात आलं. ड्रमवाल्या मित्राला ती तसं म्हणाली, तर तो तिला ओढतच वाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. तिथे तिला एक बेस गिटार फार आवडली. आवाज अगदी लोण्यासारखा मऊ. पण मित्र शेजारी ड्रम बडवायला बसला आणि ते लोणी कुठल्या कुठे वितळून गेलं. मग दुकानदाराने कोपऱ्यातली दुसरी काढून दिली. नुसती वाजवली तर ती खरखरीत, जरा भांडखोरच वाटत होती. ड्रम सुरू झाले, तरी तिचा सूर न् सूर सुटा ऐकू येत होता. तिने तीच घेतली.

पुढच्या कार्यक्रमानंतर बाबा बराच वेळ घुटमळले. मग म्हणाले, "रागावू नकोस, पण तिसऱ्या गाण्यात तू चुकलीस ना?"

तिला हसू आवरेना. "दोनदा चुकले, बाबा."

"हो, दुसरी चूकही ऐकू आली," ते म्हणाले. "म्हटलं, एकदम दोन कशा सांगायच्या?"