यादीबाहेरची पाटी

खांबावर अकरा पाट्या लावायच्या होत्या. लागल्या होत्या बारा.

सजावटीचं काम घेतलेल्या ताईने पुन्हा एकदा मोजल्या. प्रवास आणि खाद्य मेळ्याचं दार पाचला उघडणार होतं. बाकी हॉल सजून तयार होता. मेन्यूकार्डं बोर्डिंग पाससारखी छापून आली होती, टेबलांना नंबरऐवजी शहरांची नावं होती, केकसुद्धा जुन्या सुटकेसांवर मांडले होते. मधोमध हा खांब. बाणाच्या आकाराच्या लाकडी पाट्या, प्रत्येकीवर एक शहर आणि तिथवरचे किलोमीटर. लोक त्याखाली उभे राहून फोटो काढणार आणि फोटोत पर्यटन कंपनीचं नाव आपोआप येणार. कल्पना ताईची, हात पेंटरकाकांचा.

बाराव्या पाटीचं टोक मागच्या भिंतीकडे होतं. समोरून तिची नुसती कड दिसत होती.

कंपनीचा ब्रँडिंगवाला खांबाला वळसा घालून आला. "हे कुठलं गाव? आमची तिकडे टूर नाही."

"शहर आहे. लहान आहे," काका शिडीवरूनच म्हणाले.

"आणि सात हजार दोनशे चौदा? बाकी आकडे कसे गोल गोल आहेत. हे मोजलं कुठून?"

"माझ्या दारापासून."

ब्रँडिंगवाला हसला. पोरगा वाईट नव्हता. "बरं, राहू द्या. पण तोंड इकडे फिरवा. नाव फोटोत यायला हवं."

"ते शहर तिकडे आहे."

"अहो काका, लोक फोटो काढायला येणार आहेत, रस्ता विचारायला नाही! बाकीच्या अकरा तरी कुठे खऱ्या दिशेला आहेत?"

नव्हत्याच. डोळ्यांना बऱ्या दिसतील तशा ताईनेच लावून घेतल्या होत्या. नऊ वर्षांत काकांनी एकदाही 'का' म्हणून विचारलं नव्हतं. सांगाल तो रंग, सांगाल ते अक्षर. आज मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक छोटं होकायंत्र डोकावत होतं.

"फिरवा ना काका," ताई म्हणाली. "एवढंसं तर काम आहे."

काकांनी पाटीकडे पाहिलं. मग मागच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला.

"चुकीच्या दिशेला दाखवण्यापेक्षा काढतोच."

ब्रँडिंगवाल्याने खांदे उडवले आणि तो स्टॉलकडे निघून गेला. ताईने शिडी धरली. पाटी हातात आली तेव्हा तिला दिसलं, अक्षरांना बारीक पिवळी किनार होती. दहादा सांगितल्याशिवाय काका किनार काढत नसत.

"लेक असते ना तुमची तिथे? कशी आहे?"

काका शेवटच्या पायरीवर थांबले.

"गेली ती. आज बावीस दिवस झाले. ताप काय आला, आणि चौथ्या दिवशी संपलंच. तिच्या ऑफिसातल्यांनी तिकडेच उरकलं सगळं. मी फोनवर बघितलं. आपल्या गोदामामागे उभं राहून."

ताईला तो दिवस आठवला. काकांनी अर्ध्या तासाची सुट्टी मागितली होती. परत येऊन आइस्क्रीमच्या स्टॉलची गुलाबी पाटी पुरी केली होती. आटपा लवकर, असं तीच दोनदा म्हणाली होती.

"काका, एका शब्दाने सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? तिच्यासाठी हात जोडायचे, तर तोंड कुठे करायचं तेसुद्धा मला कळेना. म्हणून हे होकायंत्र घेतलं." ते खाली उतरले. शिडी मिटून त्यांनी खांद्याला लावली. "तुमच्या कामात घोळ घातला. माफ करा."

"असं नका बोलू. ही घरी न्या. भिंतीवर लावा, हव्या त्या दिशेला."

"घरी कशी नेऊ, ताई? तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही. हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर थांबा. अजून आठ दिवस."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी शिडी पुन्हा खाली ठेवली, हात पँटला पुसले, घसा खाकरला. आवाज निघाला तो अगदी रोजचा, थोडा वैतागलेलाही.

"हो गं, आला होता तिचा फोन सकाळीच. तू झोपली होतीस, कशाला उठवायचं?... हो, जेवली म्हणाली..."

ताई पाटी दोन्ही हातांत धरून उभी होती. कुठे ठेवावी ते तिला सुचत नव्हतं.

"अगं, येणार नाही कशी? तिकिटं बघतेय म्हणाली."