खोटं बोलणारं घड्याळ

"हवा संपत आलीय, वर चला," मनगटावरचं घड्याळ म्हणालं.

मालवणच्या समुद्रात अठरा मीटर खाली मिताली तांडेलने ते कानाआड केलं. माणसं वेळेत वर यावीत म्हणून ही घड्याळं हवा मुद्दाम कमी सांगतात, हे बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वाढवून घ्यायचा.

"वर चल गो," जोडीला उतरलेल्या सदूदादाचा आवाज मास्कमध्ये आला.

"दादा, लबाड आहे ते. दहा मिनिटं आहेत अजून."

"आपण कोणी ऐकत नाही, म्हणून कालपासून ते खरं सांगायला लागलंय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

मितालीला हसू आलं. तिने पुढचा श्वास ओढला, तो अर्ध्यातच अडकला.