पिवळ्या चिंध्या

शिरड शहापूरच्या पुढच्या त्या दरीत सहसा कोणी ट्रेकला जात नाही, म्हणून अनुश्रीने हिंगोलीच्या आपल्या ग्रुपला मुद्दाम तिथेच नेलं. एवढ्या आडरानातही पायवाटेवरच्या झाडांना खताच्या गोण्यांच्या पिवळ्या चिंध्या बांधलेल्या बघून तिचं डोकंच फिरलं.

चढ संपला तिथे वर एक म्हातारा लाकडांची मोळी बांधत बसला होता. सगळ्यांनी त्याला हात केला. त्याचं तोंड त्यांच्याकडेच होतं, पण त्याने काही हात हलवला नाही.

"भलताच आखडू दिसतो," केतकी म्हणाली.

उतरताना अनुश्रीने एकूण एक चिंधी कापून पोत्यात भरायला लावली. स्वच्छ दरीचे फोटोही काढले.

दिवस कलताना पायथ्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या पंचफुलाबाईंनी त्यांना पाणी दिलं. पोत्यातून डोकावणारं पिवळं दिसलं आणि त्यांचा हात थांबला.

"ह्या काहून काढल्या, माय?"

"कचरा होता ना, आजी. आता एकसुद्धा राहिली नाही," अनुश्री कौतुकाने म्हणाली.

पंचफुलाबाई दरीकडे बघत राहिल्या. "आमच्या म्हाताऱ्याला आता पिवळं तेवढंच दिसते. सरपन घेऊन बराबर घरी यावा म्हनून मीच बांधल्या व्हत्या. अजून वरच हाय तो."

अनुश्री पोतं उचलून दरीकडे पळत सुटली, आणि पहिल्याच फाट्यावर थबकली.



चिंध्या नसताना वाट कोणती, ते तिलाही कळेना.