धाकूने आणलेला कुत्रा

बिबट्याने महिन्याभरात नाटे गावातली तीन कुत्री उचलली, तेव्हा धाकू खलाशाने मुंबईहून अल्सेशियन आणला. "गावठी नुसता भुंकतो, हा धरून ठेवतो," त्याने बायकोला सांगितलं. दमयंतीला परक्या जातीचं ते धूड तान्ह्या पोरीजवळ नकोच होतं. चौथ्या दिवशी दिवेलागणीला बिबट्या कुंपणाच्या दगडी गडग्यावरून अंगणातल्या पोरीवर झेपावला. कुत्र्याने मधेच त्याची मान पकडली. दोघं रक्तात लोळू लागले. दमयंतीने कोयती उचलून बिबट्याचं डोकं फुटेपर्यंत घाव घातले. तो थंड झाला तरी कुत्र्याचा जबडा सुटेना. त्याची आतडी बाहेर आली होती. तिने जबडा सोडवून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिथेच त्याने प्राण सोडला. बंदरावरून धावत आलेला धाकू पोर सुखरूप बघून म्हणाला, "ह्याच जातीचा दुसरा आणतो." दमयंती ओरडली, "गप बसा! ह्याचं अंग अजून गरम हाय."